भाड्याचे विमान आणि करार कायदा

३० मे २०२३ रोजी सांबरा विमानतळावरून निघालेले दोन आसनी प्रशिक्षण विमान तांत्रिक बिघाडामुळे होन्नीहाळजवळ शेतात उतरवावे लागले. सुदैवाने आतील दोघेही बचावले. अशी लहान विमाने तासांच्या हिशेबाने अनेकांच्या हातांतून जातात. मग नुकसानीची जबाबदारी कोणाची?

वस्तू भाड्याने वापरायला देणे म्हणजे आपल्या अभ्यासक्रमातील 'निक्षेप' होय. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार घेणाऱ्याने ती सुज्ञ माणूस स्वतःची वस्तू जपतो तशी जपावी. कलम १५० देणाऱ्यालाही बांधते : भाड्याच्या वस्तूतील दोषामुळे हानी झाल्यास 'दोष ठाऊक नव्हता' ही सबब चालत नाही.

परंतु कायदा अपघातानंतर उपयोगी पडतो. विमान धावपट्टीवर जोरात आदळले, तर चाकांच्या आधारभागात बारीक चीर पडू शकते. प्रोपेलर जमिनीला लागला, तर इंजिन उघडून तपासावे लागते. चीर नुसत्या डोळ्यांना दिसतेच असे नाही, हे उद्यमबागेतील फाउंड्री कामगारांना सांगायला नको. भरपाईच्या धास्तीने एकाने आदळणे लपविले, तर धोका पुढच्या वैमानिकाच्या जिवाला असतो. म्हणून उड्डाणापूर्वी तपासणी आणि उतरल्यावर खरी नोंद झालीच पाहिजे. आणि खरी नोंद करणाऱ्याला मालकाने दंड करू नये.