डब्यावरच्या त्रिकोणाबाहेर

जळगावात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी सरली. माहेर शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं. तिथे धाकटा भाऊ केळी, कापूस, मका करतो. निवृत्तीनंतर त्याच्या फवारणीच्या औषधांच्या डब्यांवरचा बारीक मजकूर वाचायचा नाद लागला. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ही रसायनं लुडबुड करतात का, हे सरकार कसं तपासतं, एवढंच मला हवं होतं. उत्तर कुठल्याशा फायलीत तयार असेल, असं वाटत होतं. प्राध्यापकांना असंच वाटतं.

१. डब्यावरचा रंगीत त्रिकोण फक्त किती मात्रेत जनावर दगावतं ते सांगतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतली ही वाटणी: वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच दगावलं तर लाल, मग पिवळा, निळा, आणि ५००० च्या वर हिरवा. हिरवा दिसला की भाऊ निर्धास्त. नोंदणीच्या वेळी फरीदाबादची कीटकनाशक नोंदणी समिती प्रजननावरच्या परिणामांची माहितीही कंपनीकडून मागते, हे खरं. पण त्रिकोणात ती उतरत नाही. माझी स्वतःची थायरॉइड-संप्रेरकाची गोळी ५० मायक्रोग्रॅमची आहे. म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा भाग! तेवढ्यावर माझा अख्खा दिवस उभा असतो. ती रोज गिळूनही त्रिकोणाचा आणि तिचा मेळ मी कधी घालून पाहिला नव्हता.

२. प्रश्न विचारला गेला नाही असं नाही. विचारून तो बाजूला ठेवला गेला. केळीवर करपा आला की आमच्याकडे हात पहिल्यांदा जातो मॅन्कोझेबकडे. ते विघटित झालं की इथिलीन थायोयुरिया तयार होतं आणि ते थायरॉइडला त्रास देतं, हे जुनं ज्ञान आहे. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात मॅन्कोझेब होतं, मक्यातलं तणनाशक अ‍ॅट्राझीनही होतं. त्याच डिसेंबरात युरोपीय संघाने मॅन्कोझेबची मंजुरी पुढे चालवायला नकार दिला, आणि कारणांत संप्रेरकांतली ढवळाढवळ स्पष्ट लिहिली. आपल्याकडे हरकती आल्या, समिती बसली. २०२३ च्या अंतिम आदेशात त्या यादीतली पूर्ण बंदीला पात्र ठरली ती तीनच: डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल. उरलेल्यांना पूर्ण बंदीतून कशामुळे वगळलं, हे शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत कुणीतरी सांगायला हवं होतं. मी ही सगळी हकिगत भावाला ऐकवली. त्याने शांतपणे विचारलं, “मंग करपाले काय फवारानं, ताई?” करपलेली पानं आधी कापून शेताबाहेर टाक, असं मी म्हटलं. ते तो आधीपासूनच करत होता.

३. रसायनांचा संप्रेरकांवरचा परिणाम बघणाऱ्या चाचण्यांतली एक बेडूकमाशांवर होते, हे वाचून मी हरखले. शेपटी जाऊन पाय फुटायचे ते थायरॉइडच्याच संप्रेरकामुळे. म्हणून बेडूकमासे २१ दिवस रसायनाच्या पाण्यात ठेवायचे आणि मागच्या पायांची लांबी मोजायची. पाटात ओंजळीने पकडलेले आठवले.

४. ढिलाई काय ती आपल्याच सरकारची, ही माझी लाडकी तक्रार फार टिकली नाही. अमेरिकेच्या संसदेने १९९६ मध्येच कायदा करून संप्रेरकांवरच्या चाचण्या बंधनकारक केल्या. पहिले चाचणी-आदेश निघाले २००९ मध्ये. ५२ रसायनांचे प्राथमिक निष्कर्ष यायला २०१५ उजाडलं. एवढा पैसा, एवढ्या प्रयोगशाळा, आणि ही गती. थोडं बरं वाटलं, मग बरं वाटल्याचीच लाज वाटली.

५. सगळ्यात जास्त मला हलवलं ते आपल्याच एका सरकारी संस्थेच्या कामाने. केरळात कासरगोडला काजूच्या सरकारी मळ्यांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. लोकांची ओरड वाढल्यावर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे लोक तिथे गेले. त्यांनी फवारणीच्या गावातले ११७ मुलगे आणि दूरच्या गावातले ९० तपासले, रक्त घेतलं, वयात येण्याच्या खुणा नोंदवल्या. फवारणीच्या गावातली मुलं उशिरा वयात येत होती. २००३ मध्ये हे छापून आलं. उद्योगाने त्यावर आक्षेप घेतले, वाद झडले, आणि सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदी घातली ती १३ मे २०११ ला. मधल्या आठ वर्षांत आमच्या कापसावर एन्डोसल्फान चालूच होतं, आणि त्याच वयाची पोरं शाळा सुटल्यावर त्याच शेतात कापूस वेचत होती. मी तेव्हा बारावीला सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवत होते. क्लोरीन असलेली संयुगं फळ्यावर काढताना कासरगोडचं नाव तोंडी आलं नाही.

६. गावात तपासणी करणारं खरं सरकार म्हणजे माझी वहिनी. जलजीवन मिशनमध्ये गावागणिक पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवलं, त्यात ती आहे. किटमधून ती आम्लता, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, क्लोरीन बघते. जंतूंची बाटली काळी पडली की सरपंचाच्या दारात जाऊन उभी राहते. तिने विचारलं, “ताई, मक्यातलं तणनाशक यात दिसतं का?” नाही दिसत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अ‍ॅट्राझीनची मर्यादा आहे, लिटरमागे २ मायक्रोग्रॅम. पण तेवढं पकडायला मोठं यंत्र लागतं, रंग बदलणाऱ्या थेंबांचं ते काम नव्हे. म्हणजे मर्यादा कागदावर आहे आणि विचारणारी बाई विहिरीवर आहे, मधलं यंत्र तेवढं लांब. मक्याशेजारच्या विहिरीचं पाणी बाहेर तपासून आणायचं आता ठरलंय. पैसे कुणी द्यायचे यावर भावाबहिणीत अजून एकमत नाही. वहिनी म्हणते, ग्रामपंचायतीने द्यावेत, आणि तसा अर्ज तिने लिहायलाही घेतलाय.