झाड लावा, पण मृगात नको

गृहप्रवेश होतो, आंब्याची पानं न मिळाल्याने दाराला प्लास्टिकचं तोरण लागतं, आणि त्याच संध्याकाळी मागच्या अंगणात उभं राहून ठरतं: इथे आंबा लावायचा! कॅलिफोर्नियाच्या बे एरियात, सनीवेल, सॅन होजे, फ्रीमाँट भागात मुरलेल्या मराठी घरांचा नवागतांना सल्ला एकच: थोडं थांबा.

इथलं पंचांग उलटं आहे. बे एरियात पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च पडतो. उन्हाळा कोरडा ठणठणीत. गावच्या सवयीने मृगात रोप लावलंत, तर पुढचे चार-पाच महिने ते नुसत्या नळावर जगवावं लागतं. डाळिंब, अंजीर, पर्सिमॉन दसरा-दिवाळीनंतर लावा. जानेवारी-फेब्रुवारीत नर्सरीत मातीविना, उघड्या मुळांची रोपं स्वस्तात मिळतात. लिंबू, पेरू थंडीला नाजूक. त्यांना मार्च-एप्रिल बरा.

आधी फोन, मग कुदळ. खणण्यापूर्वी निदान दोन कामाचे दिवस आधी ८११ ला कळवा. गॅस-विजेच्या कंपन्या आपापल्या जमिनीखालच्या वाहिन्या कुठून जातात त्याच्या खुणा करून जातात. पैसे पडत नाहीत. सोसायटीचे, म्हणजे एचओएचे नियमही वाचा. फुटपाथ आणि रस्ता यांमधली पट्टी आपली समजू नका. तिथे झाड लावायचं तर आधी शहराच्या कचेरीत विचारा.

काय लावावं? डाळिंब आणि अंजीर इथे छान येतात. पश्चिमेच्या खिडकीपुढे, भिंतीपासून चांगलं अंतर राखून, फुयू पर्सिमॉन लावा: उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात पानं गळून घरात ऊन. हे फळ सफरचंदासारखं कडक असतानाच खाता येतं. हाचिया जातीचं पर्सिमॉन मात्र मऊ लिबलिबीत होईपर्यंत तुरट लागतं. कागदी लिंबाला थंडी सोसत नाही. मेयर तग धरतं, पण वरणावर पिळलं तर गोडसर लागतं. त्यापेक्षा बिनबियांचं बेअर्स आपल्या जिभेला जवळचं.

कढीपत्ता. भारतातून येताना रोप किंवा ताजी पानं बॅगेत घालू नका, मनाई आहे. लिंबूवर्गीय झाडांचा घातक रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही वाढते. तो रोग कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला, म्हणून मित्राच्या घरचं रोपही इकडून तिकडे नेऊ नका. परवानाधारक नर्सरीतूनच घ्या आणि कुंडीत ठेवा. जानेवारीत नुसत्या काड्या उरल्या म्हणून एका काकूंनी कुंडी कचऱ्यात दिली आणि पुढे वर्षभर हळहळल्या. पाणी कमी करून वाट पाहा. मूळ जिवंत असेल तर वसंतात फुटवा येतो.

लावताना. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण त्याहून खोल नको. खोल खणलं तर चिकण मातीत झाड खचतं आणि बुंधा कुजतो. बिळात राहणारे गोफर मुळं कुरतडतात, म्हणून खाली तारेची जाळी घाला. गावाकडे खोडाला चुना-गेरू लावतात ना? इथे भिंतीचा पांढरा लॅटेक्स रंग निम्मं पाणी घालून लावा, म्हणजे कोवळी साल उन्हाने तडकत नाही.

आणि आंबा? तोही कुंडीत, दहिवराच्या रात्री आडोशाला नेता येईल असा. फळाची आशा धरू नका. पाडव्याला तोरणापुरती पाच पानं दिली, तरी पुष्कळ.