पाड्यावरचा पडदा: चित्र फिके का दिसते?



सातपुड्यातील पाड्यांवर आम्ही प्रोजेक्टर घेऊन जातो. प्रभूच्या जीवनावरचा चित्रपट असतोच. पण त्याआधी एक छोटी फिल्म दाखवतो, जुलाब झालेल्या बाळाला द्यायच्या पाण्याची. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आमच्या पुष्कळ माताभगिनींना वाचता येत नाही. त्या चमचा पाहून शिकतात. पांढरे मीठ पांढुरक्या पडद्यात हरवले, तर चमचा अर्धा की भरलेला हे कळत नाही. आणि जास्त मीठ बाळाला घातक असते.

चित्र फिके दिसले की जो तो ‘ब्राइटनेस’ वाढवतो. त्याने उलटच होते. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही; पडद्यावर जितका अंधार, तितकाच चित्रातला काळा काळा. ब्राइटनेस वाढवला की सावल्याही उजळतात आणि मीठ, चमचा, हात सारे एकरंगी होते. म्हणून आधी सूर्य मावळून नीट अंधार पडू द्यावा, ओसरीवरचा बल्ब बंद करावा, मग ब्राइटनेस थोडा कमीच करून पाहावा. तरीही फिकेच असेल तर यंत्र पडद्याजवळ आणावे. चित्राची रुंदी निम्मी केली की तोच उजेड पाव जागेत पडतो, म्हणजे चौपट उजळ. मोठ्या चित्राचा मोह मात्र कोणालाच सुटत नाही!

हवेची जाळी दर मुक्कामानंतर झटकावी. आमच्या रस्त्यांची धूळ तिथे बसली की यंत्र तापते आणि मध्येच बंद पडते.

चित्र वर रुंद, खाली अरुंद दिसत असेल तर ‘कीस्टोन’चे बटण शेवटी वापरावे, कारण त्याने अक्षरे बोथट होतात. आधी टेबलाखाली विटा ठेवून यंत्र उचलावे आणि पडद्यासमोर सरळ करावे. सगळे चित्र अचानक गुलाबी किंवा हिरवट झाले तर बहुधा जुन्या पंधरा पिनांच्या केबलचा एखादा संपर्क सुटलेला असतो. ती घट्ट बसवून स्क्रू आवळावेत. आडवे पट्टे सरकत असतील तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे.

जुना प्रोजेक्टर देऊ इच्छिणाऱ्या मंडळ्यांनी तो एकदा अंधाऱ्या खोलीत लावून पाहावा. न हलणारे पांढरे ठिपके विखुरलेले दिसले तर आतले सूक्ष्म आरसे निकामी होत आहेत. ती दुरुस्ती फार महाग पडते, असे यंत्र पाठवू नये. चांगले असेल तर रिमोट आणि केबल विसरू नका. सोबत एक जाड पांढरी चादरही द्या. आमच्या पातळ चादरीतून बराच उजेड पलीकडे जातो आणि मागे बांधलेल्या बैलांचीच करमणूक होते.