आहारतज्ज्ञाची पारख

प्रकृती सांभाळणे हे गृहस्थाचे कर्तव्यच होय. अलीकडे आपल्या अनेक कुटुंबांत वाढत्या वजनाची चिंता दिसून येते. बैठे काम, सणावारांचे श्रीखंड, रविवारची शेव-उसळ आणि उपवासाच्या दिवशीही तुपातली साबुदाण्याची खिचडी, यांचा परिणाम शरीरावर व्हावयाचाच. वजन उतरावे ही इच्छा योग्यच आहे. परंतु त्यासाठी मार्गदर्शन कोणाचे घ्यावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्रस्तुत पाठात त्याचाच विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न आजचा नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल मनुष्याच्या पीडांचे वर्णन आहे, आणि एकोणतिसाव्यात वैद्यांचे दोन वर्ग सांगितले आहेत. एक प्राण राखणारा, दुसरा प्राण घेणारा. हा दुसरा, कोणी आजारी असल्याचे कानी येताच धावत येतो, रोग्याला ऐकू जाईल अशा बेताने आपली थोरवी गातो व इतर वैद्यांचे दोष काढतो. त्याचा गुरू कोण, सहाध्यायी कोण, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. वाचकहो, पारख करण्याची सारी रीत यातच आली. तिच्या चार कसोट्या करता येतील.

पहिली कसोटी विद्येची. घरी मुंज असली म्हणजे गुरुजींचे अध्ययन कोठे झाले याची आपण चौकशी करतो. मग ज्याच्या हाती देह सोपवावयाचा त्याला हे विचारण्यास संकोच का वाटावा? आपल्या वडोदऱ्यात तर या विद्येचे मोठे पीठच आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अन्न व पोषण या विषयाचा स्वतंत्र विभाग असून तेथे पदव्युत्तर शिक्षण मिळते. ‘इंडियन डायटेटिक असोसिएशन’ ही संस्था परीक्षा घेऊन ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ ही मान्यता देते. संसदेने २०२१ साली आरोग्यक्षेत्रातील संलग्न व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्यातही आहारशास्त्राचा समावेश आहे. तेव्हा पदवी कोणती, कोठली व नोंदणी आहे काय, हे नम्रपणे विचारावे. जाणकार मनुष्य रागावत नाही. काही आठवड्यांच्या वर्गाचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे.

दुसरी कसोटी लोभाची. सल्ला देणाराच भुकटीचे डबे विकत असेल, आणि वर आपणासही विक्रेते होण्याचा आग्रह करीत असेल, तर तो सल्ला नसून व्यापार होय. लठ्ठपणा घालविणाऱ्या औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानी असावे.

तिसरी कसोटी चौकशीची. खरा तज्ज्ञ प्रथम विचारतो, मग सांगतो. मधुमेह आहे काय, थायरॉईडचा विकार आहे काय, औषधे कोणती चालू आहेत, घरी स्वयंपाक कोण करते, एकादशी-चतुर्थी पाळता काय, हे सारे तो जाणून घेतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना एखाद्या भगिनीने डॉक्टरांस न कळविता जेवण एकाएकी तोडले, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरून ती बेशुद्ध पडू शकते. गर्भवती, वृद्ध व वाढत्या वयाची मुले यांच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी.

चौथी कसोटी वचनाची. ‘महिन्यात दहा किलो’ असे जो सांगतो त्याला दुरूनच नमस्कार करावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार आठवड्यास सुमारे अर्धा किलो घट सुरक्षित होय, आणि वजन उतरविण्याचा आहारही दिवसाला १००० कॅलरींहून कमी नसावा. फार झपाट्याने वजन उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो व स्नायूही झिजतात. जो भाकरी, वरण, भाजी, ताक यांतूनच मार्ग काढून देतो, त्याचा सल्ला वर्षभर पाळता येतो. परदेशी फळांची यादी देणाऱ्याचा सल्ला आठवड्यात विसरला जातो.

आरंभ मात्र डॉक्टरांपासून करावा. गोत्रीतील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आपल्या जवळच आहे. तेथे रक्तशर्करा व रक्तदाब तपासून घ्यावा आणि आहारतज्ज्ञाविषयीही विचारावे. पुढे आहारतज्ज्ञाकडे जाताना तपासण्यांचे कागद, औषधांची यादी आणि आठवडाभर खाल्लेल्या पदार्थांची प्रामाणिक टिपण बरोबर न्यावी. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले, त्यांत रोगी हाही एक आहे. तज्ज्ञाची पारख जितकी आवश्यक, तितकेच त्याच्यापाशी खरे बोलणेही आवश्यक होय.

येत्या सणापूर्वी प्रत्येक कुटुंबाने या चार कसोट्या एकदा घरात मोठ्याने वाचाव्या, आणि दारी आलेला डबा उघडण्यापूर्वी देणाऱ्याला त्याचा गुरू कोण हे अवश्य विचारावे.