इन्सुलिन सुरू झाले, आता पुढे काय?

रक्त तपासणीचा कागद हाती आला, साखरेचा आकडा चारशेच्या घरात निघाला आणि डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितले, की घरात एकदम शांतता पसरते. "म्हणजे आजार शेवटच्या टप्प्याला गेला का?" हा पहिला प्रश्न. "एकदा सुई लागली की सुटत नाही म्हणे," हा दुसरा. तोवर शेजारचे कोणीतरी कारल्याचा रस सुचवून गेलेले असते.

इन्सुलिन म्हणजे परके रसायन नव्हे आणि त्याची सवयही लागत नाही. जठराच्या मागे असलेली स्वादुपिंड नावाची ग्रंथी ते तयार करते. ते कमी पडले किंवा त्याचा परिणाम होईनासा झाला, की साखर रक्तातच साचून राहते आणि पेशी मात्र उपाशी राहतात. टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये एका १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून चार दिवस अधिक जगवणे, एवढेच वैद्यकाच्या हाती होते.

सुटते की नाही, हे मधुमेहाच्या प्रकारावर अवलंबून आहे. बहुधा लहान वयात सुरू होणाऱ्या पहिल्या प्रकारात इन्सुलिन जन्मभर लागते, एक दिवसही चुकवून चालत नाही. चाळिशी-पन्नाशीत आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात, सुरुवातीची वाढलेली साखर आटोक्यात आल्यावर पुष्कळांना पुन्हा गोळ्यांवर आणता येते, काहींना नाही. पण हे ठरवायचे तपासणी पाहून डॉक्टरांनी. "आता बरे वाटते" म्हणून स्वतःहून बंद करणारे पाहिले की मला काळजी वाटते.

सुईची भीती आठवड्याभरात जाते. हल्लीची सुई इतकी बारीक असते, की बोटातून रक्त काढताना त्याहून जास्त दुखते. भीती बाळगायचीच तर साखर एकाएकी उतरण्याची बाळगावी. इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले, कमी झाले किंवा शेतात नेहमीपेक्षा जास्त कष्ट झाले, की साखर ७० च्या खाली जाते. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, कडकडून भूक आणि मग असंबद्ध बोलणे, अशी ही लक्षणे.

माझ्याकडील एका किराणा दुकानदारांना इन्सुलिन सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. संकष्टी आली. सकाळचे इन्सुलिन त्यांनी नेहमीइतकेच घेतले, दिवसभर मात्र एक केळे आणि चहा. दुपारी चारच्या सुमारास सुट्ट्या पैशांवरून ते गिऱ्हाइकाशी भांडू लागले, जीभ अडखळू लागली. शेजारच्या दुकानदाराला वाटले, घेतलेली दिसते! त्यांच्या पत्नी मात्र पहिल्या दिवशी दवाखान्यात सोबत बसून सारे ऐकून गेल्या होत्या. त्यांनी साखरेचे पाणी पाजले आणि दहा-पंधरा मिनिटांत गृहस्थ भानावर आले. चंद्रोदयाची वाट पाहत बसले असते, तर काय झाले असते ते सांगायला नको.

म्हणून घरातील प्रत्येकाला हे माहीत हवे. रुग्ण शुद्धीवर असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच द्यावी, आणि नंतर भाकरी-पोळी खायला घालावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. रुग्णाने खिशात साखरेची पुडी ठेवावी. एस.टी.च्या प्रवासात तर नक्कीच.

उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या. आणि साबुदाण्याच्या खिचडीला हलका आहार समजू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, तो साखर झपाट्याने वाढवतो. गुळाचेही तेच. साखरेऐवजी गूळ चालतो, हा समज आपल्याकडे फार चिवट आहे.

उलट आजारपणात. ताप आला, उलट्या झाल्या, जेवण गेले नाही म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करणे धोक्याचे. आजारात साखर न खाताही वाढते. दर तीन-चार तासांनी साखर तपासा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल, श्वास खोल व जलद चालत असेल तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

आता सिरिंजविषयी, कारण येथे घोटाळे होतात. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचे असते. त्याला लाल टोपणाची ४० चीच सिरिंज हवी. १०० च्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले तर अडीचपट डोस जातो. दुकानातून घेताना बाटली आणि सिरिंज, दोन्हींवरील आकडा जुळवून पाहावा.

दुधी रंगाचे इन्सुलिन घेण्यापूर्वी बाटली तळहातांत हळुवार फिरवावी, जोराने हलवू नये. पोटावर बेंबीपासून दोन बोटे दूर किंवा मांडीवर टोचावे आणि रोज जागा थोडी बदलावी. एकाच जागी टोचल्यास तेथे गाठ होते व औषध नीट शोषले जात नाही. बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नको. एकदा गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे. फ्रीज नसेल तर प्लॅस्टिकच्या डबीत घालून, ती ओल्या वाळूतल्या मडक्यात सावलीला ठेवावी. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे वापरावी, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी.

घरी तपासलेली साखर, तिची वेळ आणि घेतलेले युनिट एका वहीत लिहीत जा. पुढच्या भेटीला येताना ती वही, बाटली आणि सिरिंज तिन्ही घेऊन या, आणि शक्य असेल तर घरच्या माणसालाही.