जुना लेथ घेताय? आधी बेड तपासा

घरच्या वर्कशॉपला साडेचार फुटी लेथ पुरतो. सहा फुटीच्या मोहात पडू नका. तो टनभर भरतो आणि हायड्राचं भाडं दोनदा मोजावं लागतं, चढवताना आणि उतरवताना.

शोध भोसरीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात घ्या. साधा साडेचार फुटी साधारण 40 ते 70 हजारांत मिळतो. भाव ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा: जीएसटी धरून का? चक आणि मोटर सोबत का? चेंज गिअरचा पूर्ण संच आहे का? गिअर नसतील तर आटे पाडता येणार नाहीत आणि सुटे जमवताना खिसा रिकामा होईल.

ताजा रंग दिसला तर जास्त बारकाईने बघा. कॅरेजचा लॉक टेलस्टॉकच्या बाजूला जेमतेम सरकेल इतका आवळा, मग कॅरेज चकाकडे आणा. तिथे ती सैल झाली तर बेड झिजलेला आहे. असा लेथ सोडा. बेड ग्राइंड करून घेणं बहुतेक वेळा परवडत नाही. क्रॉस स्लाइडच्या हँडलला थोडा प्ले असेल तर मात्र घाबरू नका, तो चालतो. लेथ सगळ्या स्पीडवर चालवून घ्या. बंद मशीनवर विसार देऊ नका.

बिलावर मशीनचा नंबर हवाच. बंद पडलेल्या कारखान्यातला माल असेल तर बँकेचा बोजा नसल्याचं पत्र मागा. राजकोट किंवा बटाल्याहून मागवलात आणि रक्कम 50 हजारांच्या वर गेली, तर ई-वे बिल लागेल.

मोटर थ्री फेज असेल तर नवी जोडणी घ्यायची गरज नाही. 3 एचपीपर्यंत सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी साधारण 10 ते 15 हजारांत येतो. मोटर डेल्टात जोडता येते का, हे इलेक्ट्रिशियनला आधी बघू द्या. अर्थिंग मात्र टाळू नका. घरगुती मीटरवर जॉबवर्क करून पैसे घेऊ नका. पकडलं तर दुप्पट दराने आकारणी होते.

बसवताना घाई नको. लेथ तळमजल्यावर, पक्क्या काँक्रीटवर ठेवा. साधी पाणलेव्हल चालणार नाही, मीटरला 0.02 मिमी दाखवणारी लेव्हल भाड्याने आणा. मग 25 मिमीचा बार चकाबाहेर 100 मिमी धरून, टेलस्टॉकचा आधार न देता बारीक कट घ्या आणि दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तर पायाखालचे शिम बदला. महिन्याभराने हीच चाचणी पुन्हा करा, कारण नवा पाया बसतो. किमतीच्या किमान तिसऱ्या हिश्शाइतके पैसे या कामांसाठी बाजूला ठेवूनच सौदा करा.