‘आता या वयात’ असं म्हणू देऊ नकोस

अगं, सासूबाईंना काल दरदरून घाम आला, दोन पावलं चालताच धाप लागली, आणि “पित्त झालंय” म्हणून त्या जेवल्याही नाहीत, हे तू बोलता बोलता सांगितलंस. आधी त्यांना हृदयरोगाची सोय असलेल्या दवाखान्यात घेऊन जा. ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी दोन्ही करून घे. हृदयाला इजा झाली असेल तर ट्रोपोनिन काही दिवस वाढलेलं राहतं, त्यामुळे कालची गोष्ट आजही कळते. उरलेलं तिथे बसून वाच.

छातीत कळ आली तरच हार्ट अटॅक, ही समजूत बायकांच्या बाबतीत फार घात करते. अमेरिकेत ११ लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हार्ट अटॅक आलेल्या ४२ टक्के स्त्रियांना दवाखान्यात आल्यावर छातीत दुखत नव्हतं; पुरुषांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं. वय वाढतं तसा हा फरक कमी होतो, कारण म्हातारपणी पुरुषांचं दुखणंही असंच मुकं होतं. धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, चक्कर, कधी नुसतं असंबद्ध बोलणं. त्यात आपल्या सासवा-आया आयुष्यभर दुखणं अंगावर काढत आलेल्या. “थोडं बरं नाही” एवढंच त्या म्हणणार. म्हणून डॉक्टरांपुढे तू बोल. कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, सगळं सांग.

निदान झाल्यावरही लढाई संपत नाही. ऐंशीच्या पुढच्या बायकांना अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी पुरुषांपेक्षा कमी वेळा केली जाते, हे अनेक देशांत दिसलंय. काही कारणं खरी आहेत. त्यांच्या रक्तवाहिन्या बारीक असतात, रक्तस्राव लवकर होतो, किडनी थकलेली असते. पण त्यासाठी वजन आणि किडनी बघून औषधाचा डोस ठरवता येतो, मनगटातून तपासणी करता येते. “आता या वयात कशाला” हे मात्र मला वैद्यकीय कारण वाटत नाही. आणि खरं सांगू, हे वाक्य डॉक्टरांच्या आधी बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी बोलतं. सासऱ्यांच्या वेळी हेच बोललो असतो का, एवढं नवऱ्याला विचार.

ईसीजीवरून मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याचं दिसलं, तर तातडीच्या अँजिओप्लास्टीला वयाची वरची मर्यादा नाही. तिथे मिनिटं मोजायची. दुसऱ्या प्रकारच्या अटॅकमध्ये मात्र थांबून विचार करायला जागा असते. नॉर्वेत ऐंशी आणि त्यापुढच्या ४५७ रुग्णांच्या अभ्यासात अँजिओग्राफीच्या मार्गाने गेलेल्यांचा पुढचा त्रास कमी झाला. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये पंचाहत्तरीपुढच्या १५१८ जणांचा अभ्यास २०२४ साली आला. त्यात पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण घटलं, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे नुसत्या गोळ्यांवर राहणं हाही काही जणींसाठी योग्य निर्णय असतो. फक्त तो त्यांची तब्येत बघून, त्यांना विचारून झालेला असावा. सासूबाईंशी स्वतः बोल, सगळे नातेवाईक बाहेर गेल्यावर. “मुलाला खर्च नको” म्हणून त्या नाही म्हणत असतील, तर तेही तेव्हाच कळेल.

खर्चाचंच असेल तर ऐक: सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, घरचं उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. वय वंदना कार्ड म्हणतात त्याला. दवाखाना योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेट. आधार कार्ड जवळ ठेव. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला लगेच कळव, कितीही उशीर झाला तरी.